पडद्यातून आलेला हात

मालोजी जिनगर यांची व माझी ओळख देवासच्या दवाखान्यात झाली. मी तेथे पाणी भरणारी बाई होते. ते इंदुरास डॉक्टरीचे शिक्षण घेत आणि सुटीत दरबारच्या आज्ञेने आमच्या डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली काम करीत. त्यांचे वडील तात्या पागेतल्या घोड्यांची जिने शिवीत. मला अक्षरे उतारवयात, प्रौढांच्या वर्गात आली. म्हणून हे आता लिहीत आहे.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरसाहेब पटकीच्या साथीसाठी सारंगपुरास गेले असता सरदार यशवंतरावांकडून बोलावणे आले. त्यांची सून दुर्गाबाई नुकतीच बाळंत झाली होती व तिला ताप भरला होता. मालोजींनी औषधांची पेटी घेतली आणि मलाही बरोबर घेतले. देवडीवरच्या शिपायाने हटकले, "क्यों भिया, आज जिने शिवायला इकडे?" मालोजी हसले नाहीत.

माजघराच्या दारास जाड पडदा होता. त्यातून एक हात बाहेर आला. मालोजींनी घड्याळ काढले, मनगटावर बोटे टेकवली आणि थोड्याच वेळात उचलली.

"सरकार, हा हात दुर्गाबाईंचा नव्हे. याला जात्याचे घट्टे आहेत. ताप तर मुळीच नाही."

यशवंतराव शांतपणे म्हणाले, "दासीचा आहे. सुनेचा हात परक्याच्या हाती देण्याची आमच्या घरी रीत नाही. थोरल्या डॉक्टरांनाही आम्ही असाच हात देतो. ते औषध देतात."

"ते कसे देतात, मला ठाऊक नाही. मला आजाऱ्याची नाडी पाहायला शिकवले आहे."

पडद्यामागून यशवंतरावांच्या मातोश्री, आक्कासाहेब, बोलल्या, "पुरता शिकलास का रे? नाही ना? मग थोरले देतात ते दे अन् जा."

मालोजी माझ्याकडे वळले. त्यांनी मला आत पाठविले. मी पाहिले ते बाहेर येऊन सांगितले: अंग तव्यासारखे तापले आहे, पोट फुगले आहे, हात लावू देत नाही, माणसे ओळखत नाही. त्यांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. नाडी कशी चालते, हेही विचारले. मला ते सांगता आले नाही. "इंदुराहून मडम डॉक्टर आणवा," असे त्यांनी हात जोडून विनविले. यशवंतरावांनी ते मानले व टांगा जोडविला. पण मडम येऊन पोहोचण्यापूर्वीच, दुसऱ्या दिवशी दुपारी, दुर्गाबाई गेली.

मालोजी पुढे परीक्षा पास झाले व धार संस्थानात एका गावच्या दवाखान्यावर नेमले गेले. तेथेही मोठ्या घरांतून कित्येकदा दासीचाच हात पुढे येई, असे तात्या आम्हांस सांगत. मालोजी घड्याळ खिशात ठेवीत आणि उठून येत. ते कोणावर रागावत नसत.

यशवंतरावांकडून निघण्यापूर्वी मात्र ते पुन्हा त्या पडद्यासमोर जाऊन बसले होते. आत दुर्गाबाई कण्हत होती, ते आम्हां सर्वांस ऐकू येत होते. तेव्हा ते म्हणाले,

"आक्कासाहेब, हात तिचाच द्या. मी डोळे मिटून बसतो."