लिनेट डॉडचा फ्रिज

लिनेट डॉडकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते शाळेच्या क्रीडादिनी. बिअर गार नाही एवढ्यावरून तिच्या नवऱ्याने, ग्रेमने, बर्फाच्या पेटीचं झाकण तिच्या तोंडावर हाणलं. भोवती चाळीसेक पालक होते. सगळे एकदम धावण्याच्या शर्यतीकडे बघायला लागले. मी शाळेतली मास्तरीण; मीही शिट्टी वाजवून पुढची शर्यत सुरू केली. लिनेटने नाकाला रुमाल लावला, मातीत पडलेले सॉसेज उचलून पुसले आणि परत ओळीने लावले.

ऑस्ट्रेलियात, पश्चिम क्वीन्सलँडमधल्या आमच्या गावात गाड्यांच्या विजेचं काम करणारी ती एकटीच. बापाकडून शिकलेली. हिवाळ्यात दक्षिणेकडची निवृत्त जोडपी थंडी टाळायला गाडीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत यायची आणि तिच्या शेडसमोर थांबायची. तक्रार एकच: दिवसभर गाडी चालवूनही मागची बॅटरी रिकामी आणि फ्रिजमधलं मटण वास मारतंय. लिनेट खाली वाकून वायर बघायची.

"आजोबा, गाडी नवी, मागचं घर नवं, आणि मधली वायर बुटाच्या नाडीएवढी! निघालेली वीज मागे पोचेपर्यंत दमून जाते हो. आजींना असंच अर्ध्या वाटेत सोडता का?"

आजी हसायच्या, आजोबा पाकीट काढायचे.

लिनेटला लहानपणापासून मधुमेह होता. दिवसातून चार वेळा इन्सुलिन. औषधं दर तीन महिन्यांनी टपालाच्या गाडीने यायची आणि घरच्या फ्रिजमध्ये राहायची. ग्रेमला तिला बांधून ठेवायला दोरी लागली नाही. ती उलटून बोलली की तो बाटल्या काढून पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवायचा. "बघ, उकडलेलं चालतंय का," म्हणायचा. एकदा तिने वकिलाला लिहिलेलं पत्र त्याला सापडलं. त्याने तिच्याच शेडमधल्या शिकंज्यात तिच्या डाव्या हाताची दोन बोटं घालून दांडा फिरवला. गावातल्या नर्सकडे मी तिला नेलं. बोटं कायमची ताठ राहिली. क्रीडादिनाची लाज मनात होतीच. त्या दिवसानंतर मी तिला एकटं सोडलं नाही.

ती एकदा पळालीही होती, बर्फाची पेटी घेऊन. पण बर्फाला टेकलेल्या बाटल्या गोठून वाया गेल्या, वरच्या तापल्या. तिसऱ्या दिवशी अर्धी बेशुद्ध होऊन परत आली. ग्रेमने आधी तिला इन्सुलिन दिलं, मग मारलं.

मी निवृत्त झाले तेव्हा तिच्या सांगण्यावरून एक जुनी कॅराव्हॅन माझ्या नावावर घेतली. गिऱ्हाइकाचं काम म्हणून ती सात आठवडे तिच्या शेडमध्ये उभी होती. ती ओढायची होती लिनेटच्याच पिकअपने.

"हॅलमबाई, इकडे बघा," ती म्हणाली. "गाडीतली वीज या दोन जाड वायरींनी मागे येते. हा चार्जर ती पलंगाखालच्या बॅटरीत भरतो. फ्रिज चालतो तो बॅटरीवर. गाडी बंद झाली तरी दीड दिवस काळजी नाही."

"ग्रेमला हे ठाऊक आहे?"

"त्याच्या बापाचा फ्रिज गाडीच्या विजेवर चालायचा. वायर सुटली की तासाभरात लोणी पातळ. ग्रेमचं शिक्षण तिथे संपलं. तुम्ही मास्तरीण आहात, तुम्ही शिकवा त्याला. मी नाही जायची."

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, ग्रेम मेंढ्यांच्या कामावर गेलेला असताना आम्ही निघालो. बाहेर चव्वेचाळीस अंश. दोन दिवसांवर पोर्ट ऑगस्टा, तिथे तिची बहीण. फ्रिजमध्ये तीन महिन्यांचं इन्सुलिन.

एकशे दहा किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर त्याने आम्हाला गाठलं. कुणीतरी त्याला कळवलं होतं. लिनेट डिझेल भरत होती. त्याने तिला केसांना धरून पंपावर आपटलं, खाली पडल्यावर पोटात लाथा घातल्या. मी त्याचा हात धरला.

"ए मास्तरीणबाई, शाळा सुटली, घरी जा," म्हणाला आणि मला ढकललं. पडताना माझं उजवं मनगट मोडलं. पंपवाल्याने आतून दार लावून घेतलं.

मग ग्रेमने त्याच्या गाडीतून लांब दांड्यांचं कटर आणलं आणि गाडी आणि कॅराव्हॅनमधल्या दोन्ही जाड वायरी एका झटक्यात तोडल्या. निळा जाळ उठला. कटरच्या पात्याचा तुकडा उडाला, त्याचा तळवा भाजला, तरी तो हसत होता.

"जा आता बहिणीकडे. तासाभराने तुझी औषधं गटारात. संध्याकाळपर्यंत ये. घरचा फ्रिज गार आहे."

लिनेट उठली. एक दात थुंकला. मला आत बसवलं, गाडी सुरू केली आणि तोंड दक्षिणेकडे वळवलं. ते बघून तो धावत आला, खिडकीतून हात घालून त्याने तिचा गळा पकडला. तिच्या डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. सीटजवळ चाकाचा पाना होता. तिने तो त्याच्या कोपरावर मारला. पहिल्या फटक्यात पकड सुटली. दुसऱ्यात हाड मोडलं, आवाज मी ऐकला. तिसऱ्या फटक्याची गरज नव्हती, तरी तिने तो मारला. तो मला आवडला, हे लिहायला हवं.

पहिल्याच थांब्यावर लिनेट कॅराव्हॅनमध्ये शिरली. फ्रिज चार अंशांवर. पण बॅटरी आता भरत नव्हती आणि त्या उन्हात फ्रिज क्षणभर विसावत नव्हता. सूर्य मावळताना निम्मी उरली, सकाळी अठ्ठावीस टक्के. अजून सात तासांचा रस्ता होता.

ती वायरींखाली जमिनीवर आडवी होऊन कामाला लागली. तुटलेली टोकं सोलली, वर सांध्याची नळी चढवली, पण ती दाबायला दोन हातांचा जोर लागतो. तिच्या डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती, माझा उजवा हात गळ्यात बांधलेला.

"बाई, तुमचा डावा, माझा उजवा. तीन म्हटल्यावर."

"आधी तोंडातून पुन्हा आलेलं रक्त पूस."

"आधी वायर."

पकडीचे दांडे आम्ही दोघींनी एकेका हाताने दाबले. चार सांधे, चार वेळा. मी दुखून ओरडले की ती आणखी जोरात मोजायची. जळालेला फ्यूज तिने बदलला, गाडी सुरू केली. चार्जरचा हिरवा दिवा लागला. मग तिने इन्सुलिन टोचून घेतलं, आणि तिथेच धुळीत बसून पहिल्यांदा रडली.

वाटेतल्या पोलीस चौकीत आम्ही दोघींनी जबाब दिले. ग्रेमला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटलाही आहे.

लिनेट पोर्ट ऑगस्टात बहिणीच्या मागच्या गल्लीत राहते. आठवड्याचे चार दिवस कॅराव्हॅनच्या वायरिंगचं काम करते. तिच्या घराच्या दाराला आतून तीन कड्या आहेत.