ओवीनं मोजलेलं पाणी

माझी धाकटी जाऊ आणि मी, आमचं बोलणं बंद होतं त्या दिवसांतही आम्ही एकाच होडीत बसत होतो. हे सांगितलं की लोक हसतात. बोलत नव्हता तर होडीत करत काय होता? पाणी मोजत होतो, बाई. आणि ती गात होती.

नीट सांगते. पवना धरणाच्या काठाला आमचं गाव. पल्याडच्या काठाला गवत चांगलं, म्हणून सासऱ्यांनी एक लाकडी होडी घेतलेली. पुरुषमाणसं कंपनीत जायला लागली तशी ती होडी आम्हा दोघींच्या हाती आली. वैरणीचे भारे आणता आणता आम्ही वल्ही मारायला शिकलो. मग काठावर बंगले आले, तंबू आले, आणि शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारे एक सर आले. ते पोरांच्या शर्यती लावायचे. त्याआधी त्यांना कळायला हवं असायचं की पाणी कुठल्या अंगाला ओढतंय आणि किती. धरणाचं दार उघडलं की भिंतीकडं ओढ, पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी निराळीच.

सर म्हणायचे, "मावशी, वारा शिडावर दिसतो. पाणी कुठं निघालंय ते वरून कळत नाही. तेवढं तुम्ही मला सांगा."

काम तसं सोपं. दोराला धोंडा बांधून तळाला सोडायचा, होडी एका जागी थोपवायची. मग पाण्यानं बरीचशी भरलेली एक बंद बाटली सोडायची. भरलेली असली की ती वाऱ्यानं पळत नाही, पाण्याबरोबर जाते. बाटलीला लांब दोरी आणि दोरीला हातहातभर अंतरावर लुगड्याच्या चिंध्या, हिरव्या माझ्या, जांभळ्या तिच्या. ठरलेल्या वेळात किती चिंध्या हातातून सरकल्या ते सरांना ओरडून सांगायचं.

वेळ बघायला सरांनी घड्याळ दिलं. त्यात पाणी शिरलं, ते बंद पडलं. दुसरं देतो म्हणाले तर धाकटी म्हणाली, "घड्याळ कशाला, सर? मी ओवी म्हनते. जात्यावर काय घड्याळ लावून दळत हुतो?"

सरांनी हसत हसत तिची ओवी आपल्या घड्याळाशी लावून पाहिली. मग परत म्हणायला लावली. म्हणाले, "चालेल. पण रोज हीच म्हणायची आणि ह्याच चालीत."

"आन् हिला सर्दी झाली तर?" मी विचारलं.

"मंग अक्का म्हनंल," धाकटी म्हणाली. "पर अक्काची ओवी संपस्तवर बाटली पार कामशेतला जायची."

मी तिच्या अंगावर पाणी उडवलं. हसून हसून होडी डुलायला लागली. तर तिची ती ओवी अशी होती:

नदीच्या पल्याड दिवा कुनाचा जळतो,
भाऊराया माजा माज्या वाटंला वळतो.

मग भावाभावांत वाटणी झाली. भातझोडणीच्या खळ्यावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच. घराच्या मधे भिंत आली. पुरुषांचं बोलणं बंद झालं की बायकांनीही तोंड मिटायचं, आमच्याकडं तशीच रीत. तिच्या भाकरीची थापथाप मला भिंतीतून ऐकू यायची आणि मी इकडं माझी भाकरी थापायची. जमीन वाटली, भांडी वाटली, पण होडी कशी कापणार? सरांचं कामही दोघींशिवाय होण्यातलं नव्हतं. एकीनं दोरी सोडायची, एकीनं ओवी म्हणायची. म्हणून ती होडी तेवढी राहिली.

येताना जाताना एक शब्द नाही. ती माझ्याकडं पाठ करून वल्ही मारायची. मला एवढंच वाटायचं, हिनं एकदा मला अक्का म्हणावं. मी थोरली, आधी मी बोलावं हे कळत होतं. रोज ठरवायची, आज धोंडा टाकला की बोलते. धोंडा टाकला की ओवी सुरू व्हायची. ओवी चालू असताना बोलायचं नाही, मोजणी चुकते. ओवी संपली की सर ओरडायचे, "किती?" मग राहून जायचं. उद्या आहेच की, असं मी म्हणायची.

एके दिवशी शर्यतीची घाई होती. सर दुसऱ्या होडीत, पोरं शिडं उभारून खोळंबलेली. मी बाटली सोडली. मागून चाल तीच आली, पण शब्द दुसरे:

भिंतीच्या पल्याड कुनी भाकर थापिती,
मारिते हाक बाई, ओ का गं न देती.

दोरी माझ्या हातातून सरकत होती. हिरवी गेली, जांभळी गेली. मला सगळं कळलं, कळलं नाही असं काही नाही. पण तिकडून सर ओरडले, "मावशी, किती?" आणि माझ्या तोंडून निघालं, "ही ओवी न्हाई. मोजनी चुकंल."

इतक्या दिवसांनी मी तिच्याशी बोलले ते हे.

ती म्हणाली, "व्हय." मी दोरी ओढून घेतली, बाटली परत सोडली. तिनं रोजची ओवी रोजच्यासारखी म्हटली. आकडा बरोबर आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी एक यंत्र आणलं. पाण्यात सोडायची छोटी चक्री, आकडा फोनवर दिसतो. चांगलं आहे ते, एका माणसात काम होतं. सरांनी आमचे दोघींचे आभार मानले आणि आम्ही आपापल्या दारानं घरी गेलो. पुढं तिच्या मुलानं कान्ह्याला खोली घेतली, ती तिकडं गेली. भिंतीपल्याडची थापथाप थांबली.

औंदा दोघा भावांचं एका लग्नात बोलणं झालं. उशिरा का होईना, झालं. मग मी मळवलीहून लोकल धरली आणि कान्ह्याला गेले. तिनं दार उघडलं. "अक्का, ये की," म्हणाली. जे ऐकायला मी एवढी झुरले ते दारातच मिळालं. खुर्ची दिली, पंखा लावला. मी मदतीला उठले तर म्हणाली, "बस गं, तू पाव्हनी." सुनेचं, नातवाचं, रेल्वेच्या फाटकाचं, सगळं बोललो. धरणाचं मात्र दोघींनीही काढलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "ती भाकरीची ओवी म्हन की गं."

"कंची?" ती म्हणाली. "न्हाई आठवत आता." आणि उठून आत गेली.

खरंच आठवत नसेल. आठवत असली तरी आता कुणाला हाक मारायची तिनं?

आतून तिनं विचारलं, "अक्का, साखर किती घालू?"

एका चुलीवर किती वर्षं माझा चहा हिनंच केला होता.

"ओ," मी म्हटलं. "घाल तुज्या हातानं."

चहा बराच अगोड होता. मी सगळा प्याले.