अ‍ॅडमिनजींच्या गाडीतली पिन

गाडीखाली शिरायला मी कधी घाबरलो नाही. जॅक घसरेल, डोळ्यांत माती जाईल, असलं काही मनातही येत नसे. मला भीती वाटते ती बाहेर उभ्या असलेल्या माणसांची, ती काय म्हणतील याची. बँकेत आयुष्य काढल्यामुळे असा झालो की असा होतो म्हणूनच बँकेत टिकलो, कोण जाणे. पण या स्वभावापायी मी एकदा दोन बायकांचा जीव टांगणीला लावला, आणि ते आजवर कुठे लिहिलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. सांगलीहून माझी बदली जयपूरला झाली होती आणि आम्ही मुरलीपुऱ्यात भाड्याने राहत होतो. घरी नुकतंच इंटरनेट आलं होतं. त्यावर जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या लोकांचा एक फोरम सापडला. तिथे सगळे टोपणनावाने लिहायचे. कोण डॉक्टर, कोण हलवाई, कोण कॉलेजातला पोरगा, काही पत्ता लागत नसे. फोरम ज्यांनी सुरू केला त्यांना सगळे अ‍ॅडमिनजी म्हणत. ते जयपूरचेच निघाले, रेल्वेच्या वर्कशॉपमधले, आणि वर मराठी! पहिल्या भेटीत माझी गाडी बघून म्हणाले, "साहेब, मतलब तुम्ही हिला धुता फक्त. बघत नाही."

दर रविवारी मुरलीपुऱ्यातल्या एका सभासदाच्या शेडमध्ये आम्ही जमायचो. एकमेकांच्या गाड्या खोलायच्या, जोडायच्या, फोटो काढून फोरमवर टाकायचे. अ‍ॅडमिनजींनी वर्कशॉपमधली एक पद्धत आम्हाला लावली होती. जो नट ज्याने आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाची खूण करायची. रंग म्हणजे नेलपॉलिश, कारण ते लवकर वाळतं. माझ्या वाट्याला बायकोने टाकून दिलेली गुलाबी बाटली आली आणि त्यावरून माझी पुरेशी थट्टा झाली. पण नियम कडक होता. खूण सगळ्यात शेवटी. खूण दिसली की काम पुरं झालं असं समजून पुढचा माणूस तिकडे बघणारही नाही.

त्या रविवारी अ‍ॅडमिनजींची स्वतःची गाडी वर चढवली होती. उजव्या चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा सांधा मी नवीन बसवला. त्याच्या दातेरी नटातून एक पिन आरपार घालून तिची टोकं वाकवायची असतात, म्हणजे नट फिरत नाही. पिनेचं भोक जुळेना म्हणून मी नट थोडा मागे फिरवला होता. तेवढ्यात फोटो काढणारा आला. बॅटरी संपत आलीय, लवकर करा म्हणाला. खुणेशिवायचा फोटो फोरमवर कोण बघणार? मी घाईघाईने गुलाबी ठिपका दिला, हसलो, फोटो झाला. मग बँकेतून फोन आला. बोलत बोलत मी बाहेर गेलो. परत आलो तेव्हा चाक चढलं होतं आणि चहा आला होता.

बुधवारी सकाळी दाढी करताना अ‍ॅडमिनजी कोसळले. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

फोरमवर रडारड सुरू झाली. देशभरातून लोक लिहीत होते. कुणी लिहिलं, माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा हा माणूस रोज माझ्याशी कार्बोरेटरवर बोलायचा. कुणी फक्त आपल्या गाडीच्या विझलेल्या दिव्यांचा फोटो टाकला. मीही रडलो, अगदी खरं रडलो. दुसऱ्या दिवशी माझा तो फोटो कुणीतरी वर आणला, खाली ओळ होती, 'अ‍ॅडमिनजींच्या गाडीवरचं शेवटचं काम.'

शुक्रवारी बायको धुण्याला कपडे काढत होती. माझ्या पँटच्या खिशातून एक पिन काढून तिने माझ्यापुढे धरली. "ही कुणाच्या केसांतली हो? वेणी घालायला जाता का रविवारी?"

मी ती हातात घेतली. ती नवी कोरी पिन होती, टोकं सरळ.

मी संगणक लावला आणि तो फोटो मोठा केला. मोठा केला की चौकटीच चौकटी दिसत. लहान केला की गुलाबी ठिपका दिसे आणि बाकी सगळं काळं. दोन तास मी त्या काळ्यात भोक शोधत होतो. मग मनाची समजूत घालू लागलो. दोन पिना घेतल्या असतील, एक बसवली, एक उरली. रात्री बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग फोन करा ना आत्ताच." मी म्हटलं, सुतक आहे. ती म्हणाली, "गाडीला कसलं सुतक?"

तरी गाडी उभीच होती. चालवणारा गेला होता. घाई काय? असं म्हणत मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी फोरमवर ठरलं की तेरावं झालं की त्यापुढच्या रविवारी सगळ्यांनी गाड्या घेऊन सीकर रोडने चौमू गावापर्यंत जायचं, अ‍ॅडमिनजी जायचे तसं. सर्वांत पुढे त्यांची गाडी, आणि ती त्यांची मुलगी चालवणार. तिला त्यांनीच त्या गाडीवर शिकवलं होतं. शेजारी तिची आई, आमच्या वहिनी, बसणार होत्या. सीकर रोडवरचे ट्रक मला माहीत होते. सांधा सुटला की स्टिअरिंग नुसतं हातात गरगर फिरतं, चाक जाईल तिकडे गाडी जाते.

भेटायला म्हणून मी पिन आणि पक्कड खिशात घालून रेल्वे कॉलनीत त्यांच्या घरी गेलो. वाटलं होतं, कुणाचं लक्ष नसताना चाकामागे हात घालून काम उरकावं. बाहेर खुर्च्यांवर नातेवाईक बसले होते. मी गाडीजवळ वाकलो, गुडघे टेकले, चाकामागे हात नेला.

"क्या ढूँढ रहे हो, भाईसाहब?" कुणीतरी विचारलं.

माझा हात टायरवरच थांबला. डोळ्यांत पाणी होतं, ते भीतीचं होतं. तेवढ्यात फोरमवरचाच एकजण पुढे आला, त्याने मला उठवलं आणि मिठीत घेतलं. "गाडीच्या पाया पडत होते," तो सगळ्यांना म्हणाला. आतून वहिनी आल्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी चहा पिऊन परत आलो.

संध्याकाळी हे सगळं फोरमवर आलं. माझ्या प्रेमाबद्दल लोकांनी पानंच्या पानं लिहिली. आता कोणत्या तोंडाने सांगणार होतो? चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक स्तुतीत मला टोमणा दिसायचा. मुलीला निरोप लिहायचो आणि खोडायचो. 'गाडी एकदा मेकॅनिकला दाखवून घे' एवढं जरी पाठवलं असतं तरी भागलं असतं. पण मेकॅनिकने चाक काढलं असतं, आणि रिकाम्या भोकावर माझा गुलाबी रंग दिसला असता. तोही निरोप मी खोडला. जेवण जाईना. बायको बोलायची बंद झाली.

रविवारी वीसेक गाड्या निघाल्या. कुणी हॉर्न वाजवायचा नाही असं ठरलं होतं. मी हट्टाने दुसरा नंबर घेतला. मुलगी पुढे चाळिसाच्या वेगाने, अगदी वडिलांसारखी चालवत होती. मी मधूनमधून उजवीकडे गाडी काढून तिचं पुढचं चाक बघायचो. समोरून ट्रक आला की मागे सरायचो. जीव मुठीत धरून गाडी चालवणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि तो जीव माझा नव्हता. माझ्या शेजारी बसलेली बायको एकदाच म्हणाली, "तुम्ही थांबवणार आहात की मी उतरून पळू?"

वाटेत एक उंटगाडी आडवी आली. मुलीने गाडी झटकन वळवली आणि चाक थरथरलं. मला तसं दिसलं, की भीतीने भासलं, सांगता येत नाही. मी हॉर्नवर हात दाबून धरला, तिला ओलांडलं आणि माझी गाडी आडवी घातली.

मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या. कुणी काही विचारण्याआधी मी पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरलो. भोक रिकामं होतं. नट दोन बोटांनी फिरला. आणखी किती टिकला असता, देव जाणे. मी तिथेच आडवा पडून नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली. पक्कड दोनदा हातून निसटून तोंडावर पडली.

बाहेर तोंड काढलं तर मुलगी समोर उकिडवी बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. बाकीचे अजून मागून चालत येत होते.

"काका, पिन नव्हती?" तिचं मराठी अडखळत यायचं.

"नव्हती. मी विसरलो होतो."

"पण आज तुमच्या जेबमध्ये पिन कशी आली?"

मी कपड्यांवरची माती झटकू लागलो.

"कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलायची इच्छा झाली. पण तिचे डोळे तिच्या वडिलांचे होते. "सोळा दिवस," मी म्हणालो.

ती उठली. गाडीला वळसा घालून गेली आणि पलीकडचं दार उघडलं. "आई, तू उतर आधी," म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता.

माणसं जमली. काय झालं, काय झालं सुरू झालं. कुणीतरी वाकून नवी पिन बघितली, माझ्या हातातली पक्कड बघितली आणि ओरडला, की नट सैल होता, यांनी चालत्या गाडीतून ओळखलं! माझ्या पाठीवर थापा पडल्या. मी मुलीकडे बघत होतो. तिने सांगावं असं मला वाटत होतं, आणि सांगू नये असंही. तिने पाठ फिरवली आणि गाडीचं उघडं दार लावलं.

वहिनी गर्दीतून माझ्यापर्यंत आल्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "हे गेले, पण तुमच्यासारख्यांच्या हाती आम्हाला सोडून गेले." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मीही हात जोडले.