बेबीताईंचा इटलीवाला

देऊळघाटच्या विहारात वर्षावासातलं ग्रंथवाचन आटोपलं, तरी बाया लगेच उठत नसत. बेबीताई मग पिशवीतून त्यांच्या लाडक्या इटालियन लेखकाचं मराठीत आलेलं पुस्तक काढायच्या. नर्सची नोकरी संपल्यापासून त्यांना हे वेड लागलं होतं, आणि एकटीनं वेडं होण्यात काय मजा?

पहिलं पुस्तक बायांनी उचलून धरलं. लढाईवर गेलेल्या पोराची वाट पाहणारी आई. लेखकाचा हात इतका आखडता, की आई रडली हेसुद्धा सांगत नाही. तिनं रोज दुसरं ताट मांडलं, एवढंच लिहितो. भिमाबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि भिमाबाई रडल्या म्हणजे सगळी आळी रडणारच.

दुसऱ्या पुस्तकात मात्र हाच गडी सुटला तो सुटलाच. एक बाई गावचं सगळं वारं पोत्यात कोंबते आणि पोत्यावर बसून वाटाणे सोलते. जहाजं बंदरात अडकून पडतात. वारं सुटावं म्हणून पाद्री पोत्याला गुदगुल्या करतो. घरी वाचताना बेबीताई हसून हसून बेजार झाल्या होत्या. विहारात एकही बाई हसली नाही.

"हा तो नाही," भिमाबाई म्हणाल्या. "त्याच्या नावावर कोन्या थापाड्यानं लिवलं. असंच असलं तं उद्यापासून आमी नाही बसत."

बेबीताईंचा चेहरा पडला. बाया उठून गेल्या, तर तो लेखक पुन्हा त्यांच्या एकटीचाच उरणार होता. घरी जाऊन त्यांनी तेच पान मोठ्यानं वाचलं आणि कपाळावर हात मारला. विहारात ही गंमतसुद्धा त्यांनी ग्रंथवाचनाच्याच सुरात वाचली होती, डोक्यावर पदर घेऊन, अगदी शांत, एकसारखी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायांना बाहेर ओट्यावर बसवलं आणि पदर खोचला. "हळदीत आपण व्याह्याची खोडी काढतो ना, आज तसं वाचतो."

आणि वाचलंही तसंच. पाद्री पोत्यापाशी आला, तेव्हा भिमाबाई हसता हसता शेजारणीच्या पाठीवर थापा मारत होत्या. मग एकदम थांबल्या.

"बेबीताई, त्या जहाजात कोन जाणार होतं?"

"त्या पोत्यावरच्या बाईचा पोरगा. लढाईवर."

भिमाबाईंनी नाक पुसलं. "त्या आईनं पोरगं जाऊ देलं अन् जन्मभर ताट मांडत राह्यली. ह्या आईनं वारंच बांधून ठेवलं. तोच माणूस हाय हा." मग पुस्तकाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "आता दोन्ही वाच. एक दिवस ते, एक दिवस हे."