दोन की चार

बाजाराच्या मागच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे थर्मामीटर म्हणत. मशीन समोर आलं की तो आधी खाली तळवा लावायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "तापतंय." गिऱ्हाइकाला काय हवंय हे विचारायची त्याला फारशी गरज वाटत नसे. वैद्याने नाडी धरली की रोग्याने गप्प बसावं, असा त्याचा बाणा. माणूस हाताचा स्वच्छ आणि बहुतेक वेळा बरोबर, म्हणून सव्वीस वर्षं हा बाणा खपून गेला. मात्र असा माणूस घरात फार जड जातो. त्याच्या बायकोला आणि लेकीला हे चांगलंच ठाऊक होतं.

गेमिंगसाठी दोन कोरचा प्रोसेसर घ्यावा की चार कोरचा, यावर त्याचं भाषण ठरलेलं होतं. "कोर म्हणजे आत राबणारा गडी. दोन गडी चपळ असले तर चार सुस्त कशाला पोसायचे? गेम दोघांनाच कामाला लावतो. उरलेले दोघं बसल्या जागी तापतात." यात खोटं काहीच नव्हतं. त्याच्या दुकानात येणाऱ्या जुन्या मशीनना आणि जुन्या गेमना हे तंतोतंत लागू पडायचं.

लेकीचा लॅपटॉप त्याने स्वतःच्या हाताने जुळवला. प्रोसेसर काढून बदलता येतो अशा जुन्या घडणीचा तो होता. घरच्या ड्रॉवरमध्ये दोन प्रोसेसर पडून होते, एक दोन कोरचा वेगवान, दुसरा चार कोरचा जरा संथ. लेक म्हणाली, "बाबा, चारचा बसवा. माझं खेळताना अजून बरंच काही चालू असतं." तो हसला आणि त्याने दोनचा बसवला. मग तीन संध्याकाळ स्वतः शेजारी बसून तिला खेळायला लावलं. तपासणीची त्याची रीत म्हणजे बाकी सगळं बंद करायचं, मशीन कसं कोरं करकरीत हवं. गेम लोण्यासारखा चालला. "बघितलंस?" तो म्हणाला. तिने बघितलं.

आता जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती गोष्ट. गेम खेळणाऱ्या एका नावाजलेल्या संघात एकच जागा उरली होती आणि लेक दोन वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होती. रविवारी दुपारी चारला निवडीचा सामना, घरूनच खेळायचा, पाऊण तासाचा. नियम कडक. खेळणाऱ्याचा कॅमेरा चालू हवा, पडद्याचं रेकॉर्डिंग चालू हवं, संघाशी बोलणं चालू हवं. मशीन बंद पडलं तर सामना बाद, पुन्हा संधी नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिने हे सगळं एकत्र चालू करून पाहिलं. गेम अडखळायला लागला. पडद्यावरचा माणूस दोन पावलं चालायचा, थबकायचा आणि एकदम भिंतीपाशी उगवायचा.

"काहीतरी बंद कर," थर्मामीटर म्हणाला.

"काय बंद करू? तिन्ही लागतात. नियम आहे."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं. त्याची पाचावर धारण बसली. दोन गड्यांच्या डोक्यावर चौघांचं ओझं, आणि ते ठेवणारा तो स्वतः.

"चाळीस मिनिटं आहेत. बदलतो," तो म्हणाला.

बायको रुग्णालयातली ड्युटी संपवून नुकतीच आली होती. तिने पर्स खाली टाकली आणि मोबाइलचा टॉर्च धरला. "हात दाखवून अवलक्षण," ती एवढंच पुटपुटली. त्याने एकेक स्क्रू काढला आणि कागदावर ओळीने मांडला. दुकानात हे काम तो गाणं गुणगुणत करायचा. आज तो दर स्क्रूमागे घड्याळाकडे बघत होता. पंखा सुटला, उष्णता बाहेर नेणारी तांब्याची नळी सुटली, जुना प्रोसेसर निघाला. चार कोरचा त्याने सॉकेटच्या खाचेत अलगद टेकवला. त्याच्या खालची केसाएवढी एक पिन वाकली असती तर सगळाच कारभार आटोपला असता.

तीन सत्तेचाळीसला त्याने बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच.

"बाबा?" लेकीचा आवाज चिरकला.

"थांब. थांब जरा." शिकाऊ पोरंही करत नाहीत ती चूक त्याने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा केली होती. सॉकेटचा स्क्रू फिरवून प्रोसेसर पक्का करायचं राहून गेलं होतं. सगळं पुन्हा उघडायचं. घाम स्क्रूवर टपकला, बायकोने पदराने पुसला. तीन छप्पनला पडदा उजळला आणि चारही कोर दिसले. खेळ, कॅमेरा, रेकॉर्डिंग, बोलणं, सगळं एकत्र सुरळीत पळालं.

आता मात्र त्याने खरं सांगितलं. "ऐक. हा जास्त तापतो आणि ही नळी दोनच्या मापाची आहे. पाऊण तास टिकेल की नाही, मी सांगू शकत नाही. जुना बसवायला आता वेळ नाही."

"अडखळत हरण्यापेक्षा हे बरं," ती म्हणाली आणि तिने हेडफोन चढवला.

तो दाराबाहेर उभा राहिला. आतून तिचा आवाज येत होता. "डावीकडे दोघं. मी बघते. तू थांब, मी सांगते तेव्हा ये." इतक्या ठाम आवाजात ती घरात कधी बोलत नसे. विसाव्या मिनिटाला पंखा घोंगावू लागला, तिसाव्या मिनिटाला किंचाळू लागला. बायकोने त्याचा दंड धरला होता, की त्याने तिचा, हे दोघांनाही कळत नव्हतं. अडतिसाव्या मिनिटाला पंखा एकदम थांबला. ती शांतता त्याला सोसवेना.

थोड्या वेळाने तिचा मोबाइल वाजला. स्पीकरवरचा संघाच्या प्रशिक्षकाचा आवाज दाराबाहेर ऐकू आला. "छान खेळत होतीस. काय झालं?"

"मशीन बंद पडलं, सर."

"असलं मशीन निवडलं कुणी?"

"मीच," ती म्हणाली. "माझीच निवड होती."

हे ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्याला अगदी सोपं होतं. तो आत गेला आणि मोबाइलजवळ वाकला. "सर, मी तिचा बाप. ती चार कोर म्हणाली होती. दोन मी बसवले, हट्टाने. आज घाईत बदलले तेही मीच. ती मला सांभाळून घेतेय."

"बरं झालं सांगितलंत," प्रशिक्षक म्हणाला. "पण नियम आहे. सामना बाद. जागा दुसऱ्याला जाईल."

मोबाइल बंद झाला. लेकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"कशाला बोललात मध्ये?"

"खरं होतं म्हणून."

"मग अजून एक खरं सांगा. तीन संध्याकाळ तुम्ही माझ्या शेजारी बसलात. मी काय खेळत होते?"

पहिल्या संध्याकाळी मशीनचं तापमान एकाहत्तर अंश, दुसऱ्या बहात्तर, तिसऱ्या पुन्हा एकाहत्तर, हे त्याला तोंडपाठ होतं. पडद्यावर काय चाललं होतं, त्यातलं काही म्हणजे काहीच आठवेना.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने निवलेल्या लॅपटॉपचं बटण दाबलं आणि गेम उघडला. मग तिने बाजूची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.