दारापर्यंत

ताई गेली तो सोमवार होता. सकाळी आम्ही चहा घेतला. मी कॉलेजात गेलो. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा दारात चपला होत्या आणि आत माणसं बसली होती.

ताई माझी मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही, मीही केलं नाही, आणि जुन्या जालन्यातल्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही एकत्र राहिलो. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक तिच्या पर्समध्ये असायची, एक माझ्या खिशात. माझी जवळजवळ कोरीच राहिली. शाळा आधी सुटायची आणि ग्रंथालय उशिरा बंद व्हायचं, त्यामुळे मी येईपर्यंत दार उघडलेलं असायचं. ती निवृत्त झाल्यावर तर कुलपाचा प्रश्नच उरला नाही. मी चपला काढत असतानाच आतून आवाज यायचा, "आधी हातपाय धू, मग बोल." मी बोलणारा माणूस नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तरी रोज म्हणायची.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. सकाळ वाचनात जायची. संध्याकाळी फिरून आलो की कुलूप समोर यायचं, आणि मी किल्ली हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहायचो. शेजारचे विचारायचे, "सर, लागत नाही का किल्ली?" मी म्हणायचो, "लागते."

ओळखीच्या मिस्त्रींनी मला सायकलच्या प्रवासाला नेलं ते याच काळात. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी फिटर म्हणून आयुष्य काढलं होतं. अधूनमधून ते आसपासची सायकल चालवणारी माणसं गोळा करून लांबच्या प्रवासाला न्यायचे. या खेपेला पुरीचा समुद्र ठरला होता. जाताना नागपूर, रायपूर, येताना हैदराबाद, नांदेड, परभणी. त्यांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, "सर, घरी बसून काय करून राह्यले?" मी गेलो.

समुद्र पाहिला. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मला आठवतात ते परतीचे शेवटचे दिवस.

मिस्त्रींचा एक नियम होता. परतताना सगळ्यांनी एका जागी निरोप घ्यायचा नाही. वाटेत ज्याचं घर येईल त्याला सगळ्यांनी मिळून दारापर्यंत सोडायचं. घरच्यांनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, उरलेल्यांनी तिथे जेवायचं आणि पुढे निघायचं. त्यामुळे नांदेडपासून आमची रांग आखडत गेली. जिल्ह्याच्या हद्दीत शिरलो तेव्हा चौघं उरलो होतो. परतूरचे गुरुजी, अंबडच्या वकीलबाई, मिस्त्री आणि मी.

परतूरला गुरुजींच्या दारात त्यांच्या पत्नी ताटली घेऊन उभ्या होत्या. गुरुजींना वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "मिस्त्री, अर्धेच आणले की हो! बाकीचे कुठं ठेवले?"

"बाकीचे ओरिसाच्या घाटात सांडले, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "आता तुम्ही भरून काढा."

"सांडायच्या आधी एक फोन तरी करायचा."

"करत होतो की," गुरुजी म्हणाले, "तूच उचलत नव्हती."

"सिरियल चालू असताना करता ओ तुम्ही."

त्यांनी तुकडा ओवाळून दोन्ही बाजूंना टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि गुरुजी आत गेले. आंघोळ करून, पांढरा पायजमा घालून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्यात आणि आमच्यात अंतर पडलं होतं. जेवताना ते पाण्याच्या मोटारीबद्दल विचारत होते, कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराबद्दल बोलत होते. आदल्या रात्री हाच माणूस माझ्या शेजारी सतरंजीवर पडून आकाशातले तारे ओळखत होता. निघताना फाटकाशी त्यांनी हात हलवला. त्यांची सायकल अंगणात धुळीसकट उभी होती आणि एक कोंबडी तिच्या सावलीत बसली होती.

मला ते सगळं आवडलं. आणि तिथून निघाल्यावर मी सावकाश पायडल मारू लागलो.

फेब्रुवारी होता. शाळूची कापणी झाली होती, कडब्याच्या पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. घनसावंगीकडे जाताना मोसंबीच्या बागा लागतात, आणि त्या दिवसांत त्यांना फुलं येतात. आधी वास येतो, मग वळणावर बाग दिसते. मी प्रत्येक बागेपाशी उतरायचो. पाणी पितोय असं दाखवायचो. पुढे गेलेले दोघं झाडाखाली थांबलेले असायचे. मी पोचलो की मिस्त्री विचारायचे, "पाणी प्यायले का, सर?" कुणीतरी थांबलेलं असणं ही गोष्ट मला या प्रवासात परत मिळाली होती. समुद्रापर्यंत गेलो ते कदाचित तेवढ्यासाठीच. आता असे थांबे बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

घनसावंगीत एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम केला. सकाळी मी सुचवलं, "कालव्याच्या कडेनं जाऊ या का? रस्ता शांत आहे."

वकीलबाई हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. "सर, तो रस्ता लांबचा आहे. परवा मला कोर्टात तारीख आहे."

"परवा आहे ना?" मिस्त्री म्हणाले. "आज तर न्हाई. चला कालव्यानं."

"मिस्त्री, तुम्ही सरांचं सगळं ऐकून राह्यले हं."

"मंग? समुद्रापर्यंत तुमचं ऐकलं."

कालव्याला पाणी सोडलेलं होतं. मिस्त्री पुढे गेले. वकीलबाई मात्र माझ्या बरोबरीनं चालवत राहिल्या. त्या गोड बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. साक्षीदाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुम्हाला घर यायची भीती वाटते का?"

मी म्हणालो, "कुलूप आहे घराला."

"ते माहितीये. तुमच्या दारात कुणी ओवाळायला नाही म्हणून वाईट वाटतं का?"

"नाही. आमच्यात ते करत नाहीत. ताईनंही केलं नसतं. आधी हातपाय धू म्हणाली असती."

त्यांनी एक खड्डा चुकवला. मग म्हणाल्या, "माझी सासू ओवाळते आणि तेही म्हणते." आम्ही दोघं हसलो. पण मी जे सांगितलं तेवढंच खरं होतं. समुद्राहून परत आलेल्या माणसाला आतून काहीतरी ओरडून सांगितलं जावं, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं. कुलूप मला आजवर फक्त कॉलेजातून आल्यावर नाहीतर संध्याकाळच्या फेरीनंतर उघडावं लागलं होतं. एवढ्या लांबून येऊन ते कसं उघडायचं, हे मला ठरवता येत नव्हतं.

अंबडच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी मिस्त्रींना म्हणालो, "जालन्यात मला चौफुलीवरच सोडा. गल्लीत कशाला शिरता?"

"चौफुली काय घर आहे का? न्हाई. दारापर्यंत म्हंजे दारापर्यंत."

वकीलबाईंच्या घरी सगळ्या गल्लीचा मेळा जमला होता. सासूबाई म्हाताऱ्या, पण आवाज खणखणीत. "आली का गं? कोर्टातली लोकं रोज इचारून राह्यली, मॅडम पळून गेल्या का काय." मुलीनं आईला मिठी मारली आणि लगेच सोडली, "आई, किती घामट आहेस!" जेवण झाल्यावर आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात एक पुडकं दिलं. ज्वारीच्या दोन भाकरी आणि ठेचा. "घरी गेल्या गेल्या कुठं गॅस पेटवत बसता." वकीलबाई फाटकापर्यंत आल्या. "पोचल्यावर ग्रुपवर टाका, सर," एवढंच म्हणाल्या.

अंबड ते जालना आम्ही दोघंच. शेवटचे काही किलोमीटर मला नीट आठवतात. उन्हं तिरपी झाली होती. एसटी मागून यायची, आम्ही कडेला व्हायचो, मिस्त्री पाठीमागे न बघता डावा हात हलवायचे, म्हणजे खड्डा आहे. तो हात मी किती दिवस पाहत आलो होतो. पाठीवरचा घामाचा डागही पाठ झाला होता. त्यांनी वेग कमी केला होता, हे मला चौफुली दिसल्यावर समजलं.

माझ्या गल्लीचं तोंड आलं. मिस्त्री आत वळू लागले आणि मी सरळ पुढे गेलो.

"ओ सर! घर मागं राह्यलं."

"आधी तुम्हाला सोडतो."

"मला? मला आजवर कुणी सोडलं न्हाई. मी शेवटचा असतो."

"म्हणून तर."

त्यांनी सायकल गल्लीतून मागे वळवली. त्यांना कळलं असावं. "रूल माझाच आहे," ते म्हणाले, "आता मोडता बी येईना." आणि आम्ही कुंडलिकेचा पूल ओलांडून नव्या जालन्यात गेलो.

त्यांच्या दारात सून, नातवंडं, शेजारीपाजारी, सगळे. पत्नीनं भाकरतुकडा ओवाळला. मिस्त्री मान खाली घालून उभे होते. एवढ्या माणसांना सोडून आलेल्या या माणसाला आपल्या दारात उभं राहायचा सराव नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही बी उभं ऱ्हावा, भाऊ."

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "त्यांचं घर न्हाई हे. त्यांचं त्यांच्या दारात. चला सर, आता तुम्हाला सोडतो."

"मग परत तुम्हाला सोडायला मला यावं लागेल."

"मंग मी परत येईन."

"बसा की गुमान घरात दोघं," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "येड्यावानी पुलावर फेऱ्या मारत बसाल रातभर."

सगळे हसले. चहा झाला, थोडं खाणं झालं. नातू मिस्त्रींच्या मांडीवर चढून बसला होता, म्हणून ते उठू शकले नाहीत. मी त्यांना बसल्या बसल्याच निरोप देऊ दिला आणि निघालो. आतून त्यांचा आवाज आला, "बराबर जा, सर." संपूर्ण प्रवासात मी पहिल्यांदा एकटा चालवत होतो. पुलावर पुढे हात दाखवणारं कुणी नव्हतं, आणि एका खड्ड्यात चाक आपटलंच.

गल्लीत कापडाची दुकानं बंद होत होती. मी दारापाशी सायकल उभी केली. खिशात किल्ली होती, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ताईची होती. निघताना ती कुणाकडे ठेवावी हे सुचलं नाही म्हणून बरोबर घेतली होती. मी तिची काढली. तिच्या हाताखाली गुळगुळीत झालेली किल्ली. कुलूप एका फिरवण्यात उघडलं.

आत धूळ होती आणि कोंदट वास. मी चपला काढू लागलो आणि काढताना थांबलो. मग मोरीत जाऊन हातपाय धुतले. खिडकी उघडली. पुडक्यातली भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली. कडक झाली होती. ग्रुपवर "पोचलो" असं टाकलं. मिस्त्रींचा अंगठा लगेच आला, म्हणजे ते फोन हातात धरूनच बसले होते. वकीलबाईंनी काहीच लिहिलं नाही, फक्त सासूबाईंचा एक फोटो पाठवला, ताटली हातात घेतलेला.

सायकल आता पुढच्या खोलीत भिंतीला टेकून असते. रविवारी मिस्त्री बोलावतात, कधी जातो, कधी जात नाही. रोज संध्याकाळी मी बाहेरून येतो, दार उघडतो आणि आधी हातपाय धुतो. कुलपाला दोन किल्ल्या आहेत. दोन्ही माझ्याकडे आहेत.