एकेचाळीस वर्षांचं ‘अगं’

एकेचाळीस वर्षांत आमच्या ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. ‘अगं’ म्हटलं की मी ‘ओ’ द्यायची. ‘अगं, पाना कुठे ठेवलास?’, ‘अगं, भाजीत मीठ घालायचं राहिलं का?’ मीही कधी त्यांचं नाव घेतलं नाही, म्हणजे फिटंफाट.

हे प्लंबर. आमच्या आणि शेजारच्या चार इमारतींमधले नळ ह्यांना तोंडपाठ. कुठला वॉशर कधी बदलला, कुणाकडे गरम पाण्याचा पाइप उलटा जोडलाय, सगळं डोक्यात. माणसांची नावं मात्र कधीच लक्षात राहिली नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापकांना हे ‘गळका फ्लश’ म्हणायचे, सुदैवानं फक्त घरात.

मागच्या वर्षी दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे ह्यांनी मेन कॉक बंद न करताच नळ खोलला. खालच्या घरात छतातून पाणी टपकलं. महिन्याभरात आणखी दोन घरी तेच. मग तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, पण सौम्य आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि आठवड्यातून दोनदा सराव करून घ्यायला त्यांनी एक मुलगी घरी पाठवली.

तिला मी मिनिटवाली म्हणायची. ती एक प्रश्न विचारायची, मग तोच एका मिनिटानं, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. चुकू म्हणून द्यायचं नाही. माणूस अडखळला की आपणच उत्तर सांगायचं आणि पुन्हा एकपासून सुरू. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “काका, तुम्हाला काय परत जमायला हवंय? एकच सांगा.”

मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी.

“नळ,” हे म्हणाले. “एकट्यानं. मागे कुणी उभं न राहता.”

मागे उभी राहणारी मीच होते. घ्या!

महिन्याभरात जमलं. हत्यारांच्या पिशवीला तिनं एक कार्ड बांधलं, ‘आधी मेन कॉक’. पुढे पुढे कार्ड न बघताच ह्यांचा हात कॉककडे जायला लागला. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण जाता जाता त्या बयेनं स्वतःचं नावही शिकवून ठेवलं होतं. बेल वाजली की हे तिचं नाव घेत दार उघडायचे, आडनावासकट! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिवसभर राबते मी, आणि नाव कुणाचं? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

एका दुपारी मी विचारलंच. “अहो, माझं नाव काय?”

“हे काय विचारणं झालं?”

“सांगा ना.”

“काहीतरीच तुझं,” म्हणत हे चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

आता माणूस लाजतोय की विसरलाय, हे ओळखायचं कसं? ज्यानं नाव कधी घेतलंच नाही, त्याच्याकडून ते हरवलं तरी आपल्याला कळणार कधी? त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. शेवटी मिनिटवालीला ओट्याशी गाठलं.

“माझं नाव शिकव त्यांना.”

“काकू, काय शिकायचं ते काकांनी ठरवायचं असतं.”

“मग विचार त्यांना. माझ्यासमोर.”

तिनं विचारलं. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली. माझं तोंड तेव्हा कसं झालं असेल ते मला ठाऊक आहे. कुणीही मान डोलावली असती.

मग माझा फोटो एका कार्डावर चिकटवला, खाली नाव लिहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं, चार मिनिटं. तीन आठवड्यांनी, मी भांडी घासत असताना, बाहेरून माझ्या नावानं हाक आली. अंगावर काटा आला माझ्या. दोन दिवस मी हवेतच होते.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, ‘अगं’ बंद झालंय. हे माझं नाव घ्यायचे, बँकेत पुकारतात तसं, एकेक अक्षर सुटं करून, आणि पुढे म्हणायचे, “जरा पाणी मिळेल का?” पान्यावरून आरडाओरडा नाही, मिठावरून कुरकुर नाही. फोटोतल्या त्या बाईशी हे फार सभ्यपणे वागत होते. मला तिचा मत्सर वाटायला लागला, मिनिटवालीचाही कधी एवढा वाटला नव्हता. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? आणि नाव त्यांना आधी आठवत होतं की नाही, ते तर आता कधीच कळणार नव्हतं.

रविवारी सकाळी ते कार्ड मी साखरेच्या डब्यामागे लपवलं आणि भिंतीवरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. हे आमचाच गळका नळ दुरुस्त करायला बसले होते. मेन कॉक आधी बंद केला होता.

“अहो, तुम्ही मला ‘अगं’ म्हणता. काय म्हणता?”

“अगं,” हे म्हणाले, कार्डावरचं वाचावं तसं.

एका मिनिटानं विचारलं. “अगं.” दोन मिनिटांनी. “अगं.” चार मिनिटांनी विचारलं तर नाव आलं, अक्षर अक्षर सुटं. मी डोळे पुसले, उत्तर सांगितलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. एक झालं, दोन झाली, या वेळी चारही पार पडली.

आठ मिनिटं भरली तेव्हा नवा वॉशर ह्यांच्या बोटांतून निसटून सिंकच्या जाळीत गेला होता, आणि नेमकं तेव्हाच मी विचारलं, “मला काय म्हणता?”

ह्यांनी पाना ओट्यावर आपटला.

“अगं, किती वेळा तेच तेच विचारशील? आत्ताच सांगितलं ना! हल्ली तुझ्या काही लक्षातच राहत नाही.”